बाटलीपेक्षा कवळी बरी

सुपारीत अँटिऑक्सिडंट भरपूर असतात. कॅटेचिन, टॅनिन, ग्रीन टीच्या डब्यावर जी नावं मिरवतात, तीच. तरीही पानठेल्यावर खर्रा घोटून घेणाऱ्याला ‘खा, तब्येतीला चांगला असतो’ असं नागपुरात कोणी म्हणत नाही. त्या पन्नीत सुपारीसोबत तंबाखू असतो आणि चुना असतो. चुन्याने लाळ अल्कधर्मी होते, आणि अशा लाळेत सुपारीतली हीच पॉलिफेनॉल्स आपणहून ऑक्सिडाइज व्हायला लागतात. त्यातून सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. ज्या रेणूने मुक्त कण (फ्री रॅडिकल्स) टिपायचे, तोच गालाच्या आतल्या अस्तरावर मुक्त कण सोडत बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात सुपारीला, तंबाखू न घातलेल्या सुपारीलासुद्धा, पहिल्या गटातलं कर्ककारक म्हटलं आहे.

रेणू तोच, शेजार बदलला की गुण बदलतो. साठी ओलांडलेल्या माणसांना ‘अँटिऑक्सिडंट’ या एका शब्दावर जे काही विकलं जातं, ते पाहताना हा खर्रा डोक्यात ठेवावा.

विक्रीची तऱ्हा आता सगळ्यांच्या ओळखीची आहे. सकाळी बागेत फिरायला येणाऱ्यांसाठी ‘मोफत तपासणी’ लागते. हातात धातूची दांडी धरायला देतात, लॅपटॉपवर आलेख उमटतो, ‘काका, तुमच्या शरीरात टॉक्सिन वाढलेत, इन्फ्लमेशन आहे’ असं सांगतात आणि गडद रंगाच्या रसाची बाटली पुढे येते. हाताला दांडी लावून इन्फ्लमेशन, म्हणजे दाह, मोजता येत नाही. तो मोजायचा तर रक्त काढावं लागतं. बाटलीवर खर्च होतो तो पेन्शनीचा पैसा. तो कुठे जावा, आणि सरकारने म्हाताऱ्या माणसांच्या आहारासाठी नेमकं काय करावं, याबद्दल आमचं मत सरळ आहे: आधी तोंड, मग ताट, आणि बाटली सगळ्यात शेवटी, बहुतेकांसाठी तर नाहीच.

दाह ही कल्पना खोटी नाही, हे आधी मान्य करू. इटलीचे क्लॉडियो फ्रान्सेस्की यांनी २००० साली ‘इन्फ्लमेजिंग’ हा शब्द रूढ केला. वय वाढतं तसा शरीरात एक मंद, धुमसता दाह राहू लागतो. ताप नाही, लाली नाही, दुखणं नाही, पण इंटरल्युकिन-६ आणि सीआरपीसारखी द्रव्यं रक्तात थोडी चढलेली. हृदयविकार, मधुमेह, स्नायू झिजणं, या सगळ्यांशी त्याचं नातं आहे. एचएस-सीआरपी या तपासणीत लिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली आकडा असला तर हृदयाला धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. आकडा १० च्या वर गेला, तर तो या जुनाट दाहाचा धरायचा नाही. सर्दी-ताप, लघवीचा संसर्ग, दाताचा फोड असं काही ताजं कारण शोधायचं आणि दोनेक आठवड्यांनी तपासणी पुन्हा करायची. अनेकजण घसा धरलेला असताना रक्त देतात आणि १४ आकडा पाहून घाबरून बाटली घेऊन येतात.

दाह औषधाने उतरवला तर काय होतं, तेही तपासून झालं आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कँटोस’ चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १० हजारांहून अधिक रुग्णांना दाह कमी करणारं इंजेक्शन दिलं गेलं. कोलेस्टेरॉल न हलता झटके वगैरे सुमारे १५ टक्क्यांनी घटले. पण जीवघेणे संसर्ग वाढले आणि एकूण मृत्यू काही कमी झाले नाहीत. दाह ही शरीराची राखणदारीही आहे. ‘दाह शून्यावर आणा’ असं सांगणारा माणूस राखणदाराला सुट्टीवर पाठवा म्हणतोय.

आता अँटिऑक्सिडंटकडे. डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडलं की म्हातारपण म्हणजे मुक्त कणांनी केलेली साठत गेलेली नासधूस. सिद्धान्त सुटसुटीत होता आणि त्यातून निघणारा उपायही तितकाच सुटसुटीत: मुक्त कण मारणारी गोळी घ्या. तो उपाय मोठ्या प्रमाणावर करून पाहिला गेला. फिनलंडमध्ये २९ हजार पुरुष धूम्रपान करणाऱ्यांपैकी काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिलं. १९९४ मध्ये निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतल्या ‘कॅरेट’ चाचणीत बीटा-कॅरोटीनसोबत जीवनसत्त्व ‘अ’ होतं. तिथे वाढ २८ टक्के निघाली आणि १९९६ मध्ये चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. जीवनसत्त्व ‘ई’ रोज ४०० युनिट घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढल्याचं २०११ मध्ये समोर आलं. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात ७८ चाचण्या आणि जवळपास ३ लाख माणसं होती. अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी आयुष्य वाढलं नाही. बीटा-कॅरोटीन आणि ‘ई’ घेणाऱ्यांत मृत्यू थोडे जास्तच दिसले. त्याच वर्षी अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांची अँटिऑक्सिडंट ताकद सांगणाऱ्या ‘ओरॅक’ अंकांचा तक्ता आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकला, कारण परीक्षानळीतला तो अंक माणसाच्या पोटात काय होतं हे सांगत नाही आणि जाहिरातवाले तोच वापरत होते. आपल्याकडच्या पत्रकांवर तो अंक अजून दिसतो.

असं का व्हावं? मुक्त कण हे निव्वळ कचरा नाहीत. आपण भराभर चालतो तेव्हा स्नायूंत थोडे मुक्त कण तयार होतात, आणि त्याच खुणेवर शरीर स्वतःची बचावाची विकरं वाढवतं. २००९ मध्ये जर्मनीत झालेल्या प्रयोगात व्यायाम करणाऱ्यांना रोज १००० मिलिग्रॅम ‘क’ आणि ४०० युनिट ‘ई’ दिलं; चार आठवड्यांनी गोळ्या न घेणाऱ्यांची इन्सुलिनला मिळणारी दाद सुधारली, गोळ्या घेणाऱ्यांची सुधारली नाही. म्हणजे अंबाझरी तलावाला तीन चकरा मारायच्या आणि घरी येऊन हजारची गोळी विरघळवून प्यायची, यात चकरांचाच फायदा पुसला जाऊ शकतो. शिवाय हजार मिलिग्रॅममधलं निम्म्याच्या आसपासच ‘क’ आतड्यातून आत जातं, उरलेलं वाया, आणि आत गेलेल्यातलंही बरंचसं लघवीवाटे बाहेर. जाताना त्यातल्या काहीचं ऑक्झलेट बनतं. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि म्हातारी माणसं ‘सारखं उठावं लागतं’ म्हणून पाणी कमी पितात, त्या शहरात मुतखड्याला हे आमंत्रणच.

अपवाद आहेत, ते लपवायचं कारण नाही. डोळ्याच्या पडद्याचा मॅक्युलर डीजनरेशन हा आजार मधल्या टप्प्यावर असेल, तर ‘क’, ‘ई’, जस्त, तांबं, ल्युटीन आणि झियाझँथिन यांचं ठरलेलं मिश्रण तो बळावण्याचा धोका सुमारे पाव हिश्श्याने कमी करतं. पण ते नेत्रतज्ज्ञाने पडदा तपासून द्यायचं औषध आहे. त्याच्या जुन्या सूत्रातलं बीटा-कॅरोटीन सिगारेट सोडलेल्यांनाही धोक्याचं ठरलं आणि नव्या सूत्रातून काढलं गेलं. बी-१२ किंवा ‘ड’ कमी असेल तर ते भरून काढावंच. ती कमतरतेची दुरुस्ती आहे, तिचा अँटिऑक्सिडंटशी संबंध नाही.

हळदीचं काय, हा प्रश्न हमखास येतो. गुडघेदुखीत कर्क्युमिनने थोडा आराम पडल्याचं काही लहान, थोड्या मुदतीच्या चाचण्यांत दिसलं आहे. तिथे मात्रा साधारण रोज १००० मिलिग्रॅमची असते. हळदीत कर्क्युमिन सरासरी तीनेक टक्के. म्हणजे तेवढ्यासाठी रोज ३० ग्रॅमच्या वर हळद लागेल. अर्धा चमचा हळद घातलेल्या दुधात ४०-५० मिलिग्रॅम निघतं, त्यातलंही फार थोडं रक्तात पोचतं. दूध प्या, झोप चांगली लागत असेल तर उत्तमच, पण गुडघ्याचा हिशेब त्यात धरू नका. मिरीचा अर्क घालून शोषण वाढवलेल्या कॅप्सूलची गोष्ट वेगळी आणि जास्त काळजीची: अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. भाजीतल्या हळदीने असं होत नाही. हळद वायगावची घ्या नाहीतर कुठलीही, पण हळकुंड आणून दळलेली बरी. सुट्या पिवळ्याधमक भुकटीत लेड क्रोमेटची भेसळ सापडते, आणि शिसं हा स्वतःच दाहाचा कारखाना.

मग ताट. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या सूचनांतल्या २००० कॅलरीच्या ताटात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, ८५ ग्रॅम डाळी किंवा अंडी-मांस आणि ३५ ग्रॅम दाणे-बिया आहेत. विदर्भातल्या स्वयंपाकघराला यातलं काहीही परकं नाही. १०० ग्रॅमच्या एका पेरूत २०० मिलिग्रॅमच्या वर ‘क’ असतं. पुरुषाची दिवसाची गरज ८०, बाईची ६५. संत्र्यात पेरूच्या चौथा हिस्सा ‘क’, पण संत्रा खाण्यात दुसरा फायदा आहे: सालीच्या आतल्या ज्या पांढऱ्या पापुद्र्याला आपण नखाने खरवडून फेकतो, त्यात हेस्पेरिडिन हे पॉलिफेनॉल आणि चोथा असतो. ज्यूसच्या ठेल्यावर चार संत्र्यांची साखर ग्लासात येते आणि हा माल कचऱ्यात जातो. वरून पुन्हा साखर पडते ती निराळीच. आंबिया बहाराचा संत्रा ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाचा फेब्रुवारीपासून. कळमन्याच्या बाजारात ढीग लागलेले असताना परदेशी बेरीचा वाळवलेला रस विकत घेणं, याला काय म्हणावं!

पालेभाजी करताना दोन चुका नेहमी होतात. अंबाडीचा आंबटपणा कमी करायला ती उकडून पाणी पिळून टाकतात. त्या पाण्यात ‘क’ आणि फोलेट गेलं. आंबटपणा मारायला ज्वारीच्या कण्या किंवा तुरीची डाळ जास्त घालावी, पाणी ठेवावं. दुसरी चूक नव्या जमान्याची: डॉक्टरांनी तेल कमी करा म्हटल्यावर चिवळ, माठ, शेवग्याचा पाला नुसत्या पाण्यावर शिजवतात. कॅरोटीन तेलात विरघळतं. माणशी एक चमचा तेल नसेल तर ते आतड्यात फार कमी शोषलं जातं. भाजी आधी धुवावी, मग चिरावी, झाकण ठेवून थोड्या पाण्यात शिजवावी, लिंबू ताटात पिळावं.

जवसावर मात्र थोडं थांबायला हवं, कारण ऑक्सिडेशन म्हणजे काय ते जवसाच्या बरणीइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. जवसात शंभर ग्रॅमला वीसेक ग्रॅम ओमेगा-३ गटातलं अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं. हे आम्ल हवेशी इतक्या चटकन जुळतं की जवसाचं तेल शेकडो वर्षं रंगाऱ्यांनी वापरलं: लाकडावर लावलं की हवा शोषून आपोआप घट्ट पापुद्रा धरतं. तेच चटणीच्या बरणीत घडतं. अख्ख्या दाण्यात ते टरफलाआड सुरक्षित असतं, पण अख्खा दाणा पचत नाही, जसा गेला तसा बाहेर पडतो. दळला की पचतो आणि हवेलाही सापडतो. म्हणून १०० ग्रॅम जवस मंद आचेवर, तडतड सुरू होऊन वास सुटेपर्यंतच भाजावं, काळपट होऊ देऊ नये. थंड झाल्यावर चार-पाच लाल मिरच्या, आठ-दहा लसूण पाकळ्या, मीठ घालून भरडसर वाटावं. ही दोघांची आठवड्याची चटणी. काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रिजमध्ये. रोज एक मोठा चमचा, साताठ ग्रॅम, आणि वर पाणी भरपूर, नाहीतर पोट धरतं. बरणी उघडल्यावर ऑइलपेंटसारखा वास आला तर फेकावी. महिनाभराची चटणी करून ओट्यावरच्या उघड्या डब्यात ठेवणारे औषध म्हणून दाहच खात असतात. माशासारखं तयार ओमेगा-३ यातून मिळत नाही, आम्लाचा लहानसा भागच शरीरात त्या रूपात बदलतो. तरी रोजच्या चटणीकडून एवढं पुरे.

बाहेरच्या तेलाचंही असंच. तर्री पोह्याला आमचा विरोध नाही. चण्याचा रस्सा आहे तो. पण शेजारच्या कढईत आलूबोंडे तळणारं तेल काळं, घट्ट, फेस धरणारं आणि लवकर धुरावणारं झालं असेल तर तिथे फक्त पोहे घ्यावेत. तेलातली टोटल पोलर कंपाउंड्स, म्हणजे पुन्हापुन्हा तापून बनणारी खराब द्रव्यं, २५ टक्क्यांवर गेली की ते वापरू नये असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८ पासून आहे, आणि ते मोजायचं हातात धरण्याचं यंत्रही मिळतं. महिन्यातून एकदा प्रत्येक चौकात ते बुडवून आकडा पाटीवर लिहिला, तर दहा जनजागृती शिबिरांपेक्षा जास्त काम होईल.

दोन सावधगिऱ्या. रक्त पातळ ठेवायला वॉरफेरिन किंवा अॅसिट्रोम सुरू असेल तर पालेभाजी बंद करायची नाही आणि एकदम वाढवायचीही नाही. रोज साधारण सारखी ठेवायची, कारण त्यातल्या ‘के’ जीवनसत्त्वाने औषधाचा असर खालीवर होतो. मूत्रपिंड कमजोर असेल तर पोटॅशियमचा हिशेब डॉक्टरांकडून घेतल्याशिवाय रस, सूप, नारळपाणी यांचा मारा करू नये.

आता मुख्य तक्रारीकडे. हे सगळं ताट चावावं लागतं. पेरू, भाकरी, दाणे, काकडी. दाढा नसलेल्या माणसाला यातलं काय जमतं? तो चहात टोस्ट बुडवतो, साबुदाणा खातो, वरणातलं पाणी भातावर घेतो. मऊ, पांढरं, चोथाहीन. आणि दाढा असून हिरड्या कुजत असतील तर प्रकरण दुप्पट बिघडतं: हिरडी आणि दात यांमधल्या खोल खाचांत आतून सोलवटलेला भाग सगळा मिळून ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरू शकतो. एवढी जखम पायावर असती तर घरच्यांनी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं असतं. तोंडात असते, म्हणून वर्षानुवर्षं राहते आणि दाहाची द्रव्यं रक्तात सोडत राहते. हिरड्यांवर नीट उपचार केले की सीआरपी थोडा उतरतो, आणि मधुमेहींचं एचबीए१सी, म्हणजे तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४ च्या आसपास खाली येतं. कोणत्या बाटलीवर हा आकडा छापलेला पाहिलाय?

सरकारचं धोरण मात्र तोंडाला वळसा घालून जातं. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य, २०२३ पासून मोफत. पण ते मुख्यतः तांदूळ आणि गहू. तूर पिकवणाऱ्या विदर्भात साठीवरच्या कार्डधारकाला महिन्याला दोन किलो तूरडाळ आणि गव्हाऐवजी ज्वारीची निवड, एवढी मागणी जास्त नाही. अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याला जागा आहेच. सत्तरीवरच्या सर्वांना २०२४ पासून पाच लाखांचं आयुष्मान संरक्षण मिळालं, ते रुग्णालयात दाखल होण्यासाठी. हिरड्या साफ करणं आणि कवळी बसवणं त्यात येत नाही. म्हणजे हृदयाची शस्त्रक्रिया फुकट, पण तिथवर जाऊ नये म्हणून करायची दातांची सफाई खिशातून.

बाटल्यांबाबत कायदा आहे, फक्त वापरायचा आहे. न्यूट्रास्युटिकलच्या, म्हणजे असल्या पूरक आहाराच्या, वेष्टनावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असं लिहिणं बंधनकारक आहे, आणि मधुमेह, कर्करोग बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने गुन्हा ठरते. महापालिकेने बाग किंवा समाजभवन देताना एकच अट घालावी: तपासणीच्या जागी विक्री नाही.

कवळीचं नाव एका योजनेत आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. केंद्राच्या २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेच्या यादीत काठी, चष्मा, श्रवणयंत्रासोबत कवळीही आहे. अडचण अशी की काठी मंडपात वाटता येते, कवळी वाटता येत नाही. पहिल्या फेरीत माप, दुसऱ्या फेरीत नीट साच्यात पुन्हा माप, तिसऱ्यात वरचा-खालचा जबडा कसा मिटतो त्याची नोंद, चौथ्यात मेणावर दात लावून पाहणं, पाचव्यात कवळी हातात. नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे हे काम शिकवलंही जातं आणि केलंही जातं. पण काटोल किंवा उमरेडच्या ८० वर्षांच्या बाईला पाच फेऱ्या म्हणजे पाच दिवस. एसटीत ७५ च्या पुढे तिकीट लागत नाही, पण सोबत येणाऱ्या सुनेला लागतं आणि तिची पाच दिवसांची मजुरीही बुडते. म्हणून मापं तालुक्याच्या ठिकाणी घ्यावीत, साचे नागपुरात पाठवावेत, आणि सोबतच्या माणसाचं भाडं योजनेतून द्यावं.

खरी गळती पाचव्या फेरीनंतर होते. नवी कवळी पहिल्या आठवड्यात कुठेतरी टोचतेच, विशेषतः खालची. तेवढी जागा घासून द्यायला दोन मिनिटं लागतात, पण त्यासाठी सहावी फेरी लागते आणि ती कोणी करत नाही. हिरडीला फोड येतो, कवळी निघते, फळीवरच्या वाटीत पाण्यात जाऊन पडते आणि जेवण पुन्हा टोस्टवर येतं. पाण्याबाहेर राहिली तर काही दिवसांत सुकून बेंगरूळ होते. कोणी उकळत्या पाण्यात धुतली तर वाकते. टूथपेस्टने घासली तर ओरखडे पडून बुरशी धरते. साध्या साबणाने मऊ ब्रशने धुवायची, रात्री काढून गार पाण्यात ठेवायची, हिरड्यांना रात्रभर मोकळी हवा द्यायची. हे घरी जाऊन सांगायला आशाताई आहेत, आणि टोचणारी जागा घासून द्यायला महिन्यातला एक ठरलेला दिवस ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्याने बसावं. सहाव्या फेरीचा पैसा योजनेत धरला नाही, तर आधीच्या पाच फेऱ्यांचा पैसा त्या वाटीत पडून राहतो.